ऑप्शनमधला 19 ओळींचा बदल तपासताना

बाणेरला एका टीममध्ये काम करणाऱ्या मुलाने परवा गिटबद्दल विचारलं (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, ब्रँच म्हणजे त्यातली कामाची वेगळी शाखा, मर्ज म्हणजे ती मुख्य शाखेत, 'मेन'मध्ये, मिसळणं, आणि रिमोट म्हणजे सर्व्हरवरची प्रत):

"ताई, आमच्याकडे 'गिट साफ' नावाची घरचीच कमांड आहे. मेनमध्ये मर्ज होऊन गेलेल्या ब्रँच ती काढून टाकते. '--रिमोट' दिलं की सर्व्हरवरच्याही काढते, नाही दिलं तर फक्त आपल्या मशीनवरच्या. पुढे पॅटर्न दिला तर तेवढ्याच, नाही दिला तर सगळ्या. आता आमचे दोन रिमोट झालेत, 'ओरिजिन' आणि 'अपस्ट्रीम'. म्हणून माझ्या सीनिअरने बदल केलाय: '--रिमोट'ला हवं तर नाव देता येईल, आणि 'साफ.रिमोट' या कॉन्फिगमध्ये ते कायमचं लिहून ठेवता येईल. एकूण 19 ओळी आहेत. कोड वाचला, बरोबर वाटतो. टेस्ट हिरव्या आहेत. रिव्ह्यूअर म्हणून माझं नाव पहिल्यांदाच लागलंय. अजून काय बघायचं असतं?"

अप्रूव्हचं बटण दाबायच्या आधी विचारलंस हे फार बरं केलंस. कोड वाचून बरोबर वाटतो, टेस्टही हिरव्या आहेत, आणि तरीही हा बदल आत्ता मर्ज होऊ नये असं माझं मत झालंय. तू पाठवलेला डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) मी वाचला, आणि काल रात्री जेवणं आटोपल्यावर एक रिकामी रेपो (गिटमध्ये ठेवलेला प्रकल्प) बनवून त्यात चालवूनही बघितला. काय झालं ते सांगते.

बग दुरुस्त करणारा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, तपासताना आपण बघतो की बग गेला का. ऑप्शनच्या पॅचमध्ये मी आधी हे शोधते की हा ऑप्शन आज कोण, कुठून आणि नेमक्या कोणत्या शब्दांत वापरतंय. टर्मिनलवर बसून टाइप करणारा माणूस चुकला तर लगेच ओरडतो. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेली ओळ ओरडत नाही. म्हणून डिफ उघडायच्या आधी 'गिट ग्रेप'ने सगळ्या रेपोंमध्ये कमांडचं नाव शोधायचं. क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडची यादी), बिल्डच्या फाइली, मेकफाइल, नव्या माणसाला देतो ती सेटअपची फाइल, लोकांनी करून ठेवलेले अलायस, काहीही सोडायचं नाही. 'गिट लॉग -एस' वापरलं की एखादा शब्द कोणत्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) आला आणि कोणत्या कमिटमध्ये गेला तेही कळतं. त्या कमिटचा मेसेज वाचला की ऑप्शन मुळात कशासाठी आला होता हे समजतं, आणि पुष्कळदा निम्मा रिव्ह्यू तिथेच होतो.

तू शोधलंस आणि रात्रीच्या जॉबमधली ही ओळ मला पाठवलीस:

गिट साफ --रिमोट 'फीचर/*'

गोम इथेच आहे. आजवर '--रिमोट' हा हो-किंवा-नाही छापाचा ऑप्शन होता, त्यामुळे त्याच्या पुढचा शब्द म्हणजे पॅटर्न, यात शंकेला जागाच नव्हती. नव्या कोडमध्ये सीनिअरने लिहिलंय: '--रिमोट'च्या पुढचा शब्द डॅशने सुरू होत नसेल तर तो रिमोटचं नाव समजायचा. वाचताना हे शहाणपणाचं वाटतं. आता ही जुनी ओळ नव्या कोडवर चालवून बघ. 'फीचर/*' हे रिमोटचं नाव होतं. पॅटर्नची जागा रिकामी राहते. आणि पॅटर्न रिकामा म्हणजे मर्ज झालेल्या सगळ्या ब्रँच.

माझ्या खोट्या रेपोत चार ब्रँच होत्या: दोन 'फीचर/'वाल्या, एक 'रिलीज-7' आणि एक 'डेमो'. चारही मेनमध्ये मर्ज झालेल्या. ही ओळ चालवली आणि चारही ब्रँच काढल्याच्या ओळी एकाखाली एक छापल्या गेल्या, त्यात 'रिलीज-7' होती. त्यानंतर सर्व्हरची पाळी आली तेव्हा कुठे गिट म्हणालं की 'फीचर/*' ही गिट रेपॉझिटरी दिसत नाही, आणि थांबलं. म्हणजे एरर आली, पण मशीनवरच्या ब्रँच गेल्यावर आली. मर्ज झालेल्याच होत्या म्हणून कमिट गेले नाहीत, पण तुमचं बिल्ड मशीन त्या रिलीजच्या ब्रँचवरूनच बिल्ड काढतं असं तू म्हणालास. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे ब्रँचच नसती.

टेस्ट मग हिरव्या कशा? त्या उघडून बघ. एकीत '--रिमोट=अपस्ट्रीम' आहे, दुसरीत नुसतं '--रिमोट' आहे आणि ते ओळीच्या शेवटी आहे. '--रिमोट' आणि पुढे पॅटर्न ही जोडी एकाही टेस्टमध्ये नाही. ज्या ओळीवर तुमचा रात्रीचा जॉब चालतो ती कुणीच तपासलेली नाही. जुन्या वापराची टेस्ट बदलाच्या आधीच्या कमिटमध्ये घालायची आणि ती बदलानंतरही तशीच हिरवी राहते हे दाखवायचं, ही मागणी मी ऑप्शनच्या प्रत्येक पॅचवर करते. तूही कर. त्यात सीनिअरचा अपमान वगैरे काही नाही.

हा तिढा तुमच्या स्क्रिप्टपुरता नाही. ज्या ऑप्शनला किंमत, म्हणजे त्याच्यासोबत द्यायचा शब्द, 'दिली तर दिली' अशी असते तो कुठेही असला तरी असाच घोळ घालतो. गिटने यासाठी स्वतःचा नियम ठरवलेला आहे: किंमत सक्तीची असेल तर ती बरोबरच्या चिन्हाने (=) जोडून द्या किंवा जागा सोडून द्या, दोन्ही चालतं. किंमत ऐच्छिक असेल तर ती जोडूनच द्यायची. गिटच्या कमांड लाइनचे संकेत सांगणाऱ्या मॅन्युअलच्या पानावर 'गिट डिस्क्राइब'चं उदाहरण दिलंय. '--अब्रेव्ह हेड' बरोबर, '--अब्रेव्ह=10 हेड' बरोबर, पण '--अब्रेव्ह 10 हेड' लिहिलं तर तुम्हाला हवं ते होत नाही, कारण 10 हा तिथे वेगळा शब्द धरला जातो. हे पान एकदा शांतपणे वाच. दहा-पंधरा मिनिटं लागतील.

मग तुमच्या पॅचचं काय करायचं? तीन वाटा आहेत, तिन्ही मी करून बघितल्या.

अंदाज बांधणारा कोड ठेवला तर जुनी ओळ मोडते, ते वर बघितलंच. किंमत सक्तीची केली तरी तेच. तिसरी वाट गिटच्या नियमाची, म्हणजे नाव फक्त जोडून चालेल. यात जुनी ओळ वाचते, पण नवीन माणूस सवयीने '--रिमोट अपस्ट्रीम' असं जागा सोडून लिहिणार. तेव्हा 'अपस्ट्रीम' हा पॅटर्न ठरेल, त्या नावाची ब्रँच सापडणार नाही, काहीही न काढता कमांड गुपचूप यशस्वी होईल. माणसाला वाटेल सफाई झाली. हे आधीच्या दोन्हींपेक्षा कमी धोक्याचं आहे, पण मला तेही पसंत नाही.

माझं मत विचारशील तर '--रिमोट'ला हातच लावू नका. तो आहे तसा हो-किंवा-नाही राहू दे, आणि नावासाठी वेगळा, सक्तीच्या किंमतीचा ऑप्शन आणा, समजा '--फ्रॉम'. '--रिमोट --फ्रॉम अपस्ट्रीम' हे टाइप करायला काही अक्षरं जास्त पडतील, पण त्याचा दुसरा अर्थ लागू शकत नाही. '--रिमोट-नेम' असं नाव मात्र नको. आज तुमची स्क्रिप्ट ऑप्शन हाताने वाचते. उद्या कुणीतरी ती 'गिट रेव्ह-पार्स'च्या '--पार्सऑप्ट' या, स्क्रिप्टला ऑप्शन वाचून देणाऱ्या, सोयीवर आणेल, आणि आणायलाच हवी. ती सोय लांब ऑप्शनचं तोडकं रूपही चालवून घेते, फक्त ते रूप एकाच ऑप्शनला लागू पडायला हवं. तिथे कुणी '--रिमो' लिहिलं तर '--रिमोट' समजेल. पण '--रिमोट-नेम'ही असला की '--रिमो' दोघांना लागू पडेल आणि कमांड अडेल. गिटच्या स्वतःच्या टेस्टमध्ये तर तोडक्या ऑप्शनांना मनाई करण्याची सोयच करून ठेवलेली आहे, ती याच कारणाने. टेस्टमध्ये तोडकं रूप वापरलं तर पुढे नवा ऑप्शन घालणाऱ्या माणसाला ते नडतं.

आणि 'पार्सऑप्ट'वर जाऊनही ऐच्छिक किंमत ठेवायचाच हट्ट असेल तर '--स्टक-लाँग' लावायला सांग. ते नसेल तर 'पार्सऑप्ट' ऑप्शन आणि त्याची किंमत वेगवेगळ्या शब्दांत देतो. मग पुढचा शब्द ही याची किंमत की पुढचा ऑप्शन, हे स्क्रिप्टला पुन्हा अंदाजानेच ठरवावं लागतं. ते लावलं की दोन्ही जोडून येतात.

आता कॉन्फिग. इथे मला दोन गोष्टी सापडल्या. एक सोपी आहे, दुसरी नाही.

सोपी अशी: कोड आधी कमांड लाइन वाचतो आणि सगळ्यात शेवटी 'साफ.रिमोट' वाचून तीच किंमत वर चढवतो. म्हणजे कॉन्फिगमध्ये 'अपस्ट्रीम' असेल आणि माणसाने हाताने '--रिमोट=ओरिजिन' लिहिलं तर काम 'अपस्ट्रीम'वर होतं. उलट पाहिजे. कॉन्फिग आधी वाचायचा, तो झाला डिफॉल्ट, त्यावर कमांड लाइनचा शब्द. सगळं गिट याच क्रमाने चालतं: मशीनचा कॉन्फिग, मग माणसाचा, मग रेपोचा, आणि सगळ्यांवर हाताने दिलेलं. एकच ऑप्शन दोनदा आला तर साधारणपणे शेवटचा धरतात. ही दोन ओळींची अदलाबदल आहे, सीनिअर लगेच मान्य करेल.

दुसरी गोष्ट कोड वाचून दिसत नाही. पॅचमध्ये अट अशी आहे की रिमोटचं नाव रिकामं नसेल तर सर्व्हरवरच्याही ब्रँच काढायच्या. आता ज्याने एकदा 'साफ.रिमोट'मध्ये 'अपस्ट्रीम' लिहून ठेवलं, त्याच्या मशीनवर हे नाव कधीच रिकामं नसणार. त्याने नुसतं 'गिट साफ' म्हटलं तरी सर्व्हरवरच्या ब्रँच जाणार. शेजारी बसलेल्या मुलीच्या मशीनवर तेच दोन शब्द फक्त तिच्या डिस्कवर काम करणार. तिने त्याच्या टेबलाशी उभं राहून "काही होत नाही रे, नुसतं गिट साफ मार" असं सांगितलं तर ती खरंच बोलत असेल, आणि तरी परिणाम वेगळा.

म्हणून माझी सूचना: कॉन्फिगने फक्त नाव सांगावं. सर्व्हरवरचं काढायचं की नाही हे प्रत्येक वेळी माणसाने '--रिमोट' लिहूनच सांगावं. 'गिट क्लीन' बघ, फाइली उडवणारी कमांड आहे म्हणून '-एफ' किंवा विचारून काढणारं '-आय' दिल्याशिवाय ती एकही फाइल काढत नाही, ते 'क्लीन.रिक्वायरफोर्स'चं डिफॉल्ट आहे. इतरांच्या वस्तूंना हात लावणाऱ्या कमांडला एवढं लिहायला लावण्यात काही गैर नाही. आणि तुमच्या टीमला कॉन्फिगनेच सगळं चालू व्हायला हवं असेल तर '--नो-रिमोट' आलाच पाहिजे, नाहीतर कॉन्फिग लिहिलेल्या माणसाला एकदाच तो टाळायचा मार्गच उरत नाही. अशा वेळी कोडमध्ये तीन स्थिती लागतात: हो म्हटलं, नाही म्हटलं, आणि काहीच म्हटलं नाही. गिटच्या सी कोडमध्ये यासाठी सुरुवातीला उणे 1 ठेवून देतात. शेलमध्ये रिकामी स्ट्रिंग आणि 'नाही' यांची गल्लत होते, तिथे डोळ्यात तेल घालून बघ.

नुसत्या, ऑप्शन न लावलेल्या कमांडचा अर्थ किती महाग पडतो हे मी स्वतः भोगलंय. 2012 साल होतं, हिंजवडीच्या एका कंपनीत होते. विसर्जनाच्या आदल्या दिवशीची गोष्ट, सगळ्यांना लवकर निघायचं होतं, दुसऱ्या दिवशी पेठांतले रस्ते बंद. मी माझी ब्रँच रिबेस केली होती, म्हणजे तिचे कमिट नव्या पायावर पुन्हा रचले होते, म्हणून 'गिट पुश --फोर्स' केलं, म्हणजे ती सर्व्हरवर जबरदस्तीने ढकलली. ब्रँचचं नाव दिलं नाही. त्या काळी 'पुश.डिफॉल्ट'चं डिफॉल्ट 'मॅचिंग' होतं, म्हणजे नुसतं पुश केलं की दोन्हीकडे ज्या नावाच्या ब्रँच आहेत त्या सगळ्या जायच्या. माझ्या मशीनवर अशा 11 ब्रँच होत्या आणि बहुतेक कित्येक आठवडे जुन्या. स्क्रीनवर अधिकच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी येत गेल्या, प्रत्येकीच्या शेवटी कंसात 'फोर्स्ड अपडेट'. रिलीजची ब्रँच तीन आठवडे मागे गेली. सर्व्हरवरची रेपो बेअर (नुसता इतिहास ठेवणारी) होती, आणि बेअर रेपोत रेफलॉग, म्हणजे ब्रँच आधी कुठे होती याची नोंद, मुद्दाम चालू केला नसेल तर नसतोच. जुने हॅश (कमिटचे ओळखक्रमांक) स्क्रीनवर दिसत होते, पण ते कमिट माझ्याकडे नव्हते. एका सहकाऱ्याने दुपारी फेच केलं होतं (सर्व्हरवरचं उतरवून घेतलं होतं) एवढंच आठवत होतं, आणि तो नारायण पेठेत घरी पोहोचला होता. मी रात्री साडेनऊला ढोल-ताशांच्या गर्दीतून वाट काढत त्याच्या घरी गेले. त्याच्या लॅपटॉपवर 'ओरिजिन/'च्या खाली सगळं जसंच्या तसं होतं. माझ्या स्क्रीनवरचे हॅश कागदावर लिहून आणले होते, ते एकेक ताडून बघत आम्ही 11 ब्रँच परत चढवल्या. त्याच्या आईने आम्हाला मोदक दिले होते, ते तसेच राहिले.

तेच डिफॉल्ट गिटने कसं बदललं ते बघ, कारण तुमच्या पॅचला त्यातून शिकण्यासारखं आहे. 'सिंपल' हा नवा पर्याय 2012 मध्ये 1.7.11 या आवृत्तीत आला. तो फक्त चालू ब्रँच ढकलतो, आणि तीसुद्धा तिला जोडलेल्या सर्व्हरवरच्या ब्रँचचं नाव जुळत असेल तरच. पण डिफॉल्ट तेव्हा बदललं नाही. पुढे ज्यांनी काहीच ठरवलेलं नाही त्यांना पुश करताना लांबलचक सूचना दिसायला लागली, की 2.0 मध्ये हे बदलणार आहे, तुम्हाला जुनंच हवं असेल तर आत्ता असं लिहून ठेवा. 28 मे 2014 ला 2.0 आलं तेव्हा डिफॉल्ट बदललं. आधी पर्याय, मग सूचना, मग बदल, आणि मध्ये जवळजवळ दोन वर्षं. तुमची टीम 40 जणांची आहे, तुम्हाला दोन वर्षं नकोत, दोन आठवडे पुरतील. पण तिन्ही पायऱ्या एकाच पॅचमध्ये असू नयेत.

सूचनासुद्धा विचारपूर्वक द्यावी लागते. 2020 च्या जूनमध्ये 2.27 आलं आणि 'पुल.रिबेस' ठरवलेलं नसेल तर 'गिट पुल' (सर्व्हरवरचे बदल आपल्या ब्रँचमध्ये आणणारी कमांड) दर वेळी इशारा द्यायला लागलं, साधं फास्ट-फॉरवर्ड, म्हणजे ब्रँच नुसती पुढे सरकणं, होत असेल तरी. माझ्या टीममधल्या नव्या मुलांनी दोन दिवसांत तो वाचणं सोडून दिलं. पुढे तो फक्त दोन्हीकडचा इतिहास फाटला असेल तेव्हाच यायला लागला, आणि 2021 मध्ये 2.33 पासून अशा वेळी पुल सरळ थांबतं आणि काय करायचं ते विचारतं. जिथे निर्णय खरोखर लागतो तिथेच माणसाला अडवावं, हे त्यांना एक वर्ष घालवून जमलं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये 'लवकरच बदलणार' असा इशारा घालायचा असेल तर ज्या वापराचा अर्थ बदलतोय त्याच वापरावर घाला, आणि तो स्टँडर्ड एररवर, म्हणजे इशाऱ्यांसाठीच्या वेगळ्या वाटेवर, जाऊ दे. कमांडचं आउटपुट वाचणाऱ्या दुसऱ्या स्क्रिप्टच्या पोटात तो जायला नको. याच कारणाने 'गिट स्टेटस'ला '--पोर्सेलिन' आहे. माणसांसाठीचं आउटपुट कितीही बदललं तरी ते रूप बदलायचं नाही असं वचन आहे. मर्क्युरियल या गिटसारख्याच दुसऱ्या साधनाने हेच 'एचजीप्लेन' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने केलंय. ते लावलं की माणसाच्या आवडीनिवडीच्या सेटिंग्ज आउटपुटमध्ये ढवळाढवळ करत नाहीत.

एक सुरक्षेची बाब. रिमोटचं नाव कॉन्फिगमधून येतं आणि जसंच्या तसं 'गिट पुश'ला दिलं जातं. ते नाव डॅशने सुरू होत असेल तर? पुढची कमांड त्याला नाव समजणार नाही, ऑप्शन समजेल. ऑगस्ट 2017 मध्ये गिट, मर्क्युरियल आणि सबव्हर्जन तिघांनाही एकाच वेळी दुरुस्ती काढावी लागली ती अशाच चुकीमुळे. एसएसएचच्या (दूरच्या मशीनला सुरक्षित जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पत्त्यात यजमानाचं, म्हणजे त्या मशीनचं, नाव डॅशने सुरू केलं की ते एसएसएचला ऑप्शन म्हणून पोहोचायचं आणि त्यातून हवी ती कमांड चालवता यायची. पुढच्याच वर्षी सबमॉड्यूलच्या (रेपोत जोडलेल्या दुसऱ्या रेपोच्या) पत्त्यात तसंच सापडलं. रेपोचा कॉन्फिग क्लोनबरोबर येत नाही, त्यामुळे तुमच्याकडे धोका लहान आहे. तरी नाव वाचल्यावर ते 'गिट रिमोट'च्या यादीत आहे का हे तपासणाऱ्या दोन ओळी घाला, आणि पॅटर्न पुढे देताना आधी '--एंड-ऑफ-ऑप्शन्स' लावा, म्हणजे त्यानंतरचं काहीही ऑप्शन धरलं जाणार नाही. ही तपासणी ब्रँच काढायला सुरुवात करायच्या आधी झाली तर माझ्या रेपोत जे झालं तेही टळतं: रिमोट चुकीचं असेल तर एकाही ब्रँचला हात न लावता कमांड थांबेल. हे एकच कलम घातलं तरी पॅच निम्मा सुधारेल.

डॉक्युमेंटेशनबद्दल थोडंच. हेल्पमध्ये नव्या ऑप्शनची ओळ आहे, पण कॉन्फिग आणि ऑप्शन दोन्ही असतील तर कोण वरचढ, हे नाही. तेवढं एक वाक्य माग. टॅब दाबल्यावर नाव पुरं करणाऱ्या फाइलमध्येही भर हवी.

कमिट मेसेज मात्र परत लिहायला सांग. आत्ता तिथे फक्त 'रिमोट ऑप्शनमध्ये सुधारणा' असं आहे. दोन वर्षांनी कुणीतरी 'गिट ब्लेम' (कोणती ओळ कुणी, कोणत्या कमिटमध्ये लिहिली ते दाखवणारी कमांड) करत त्या ओळीवर येईल, तेव्हा त्याला कळायला हवं की दोन रिमोट का झाले, जुना '--रिमोट' तसाच का ठेवला, आणि कॉन्फिगने सर्व्हरवरचं काढणं आपोआप चालू का होत नाही. मला तू प्रश्नात जे सांगितलंस ते मेसेजपेक्षा जास्त उपयोगी होतं, तेच तिथे जायला हवं.

टेस्ट वाचताना मी एक जुनी सवय पाळते: कोड मुद्दाम मोडते. कॉन्फिग आणि कमांड लाइन यांचा क्रम उलटा करायचा, टेस्ट चालवायच्या. तरीही हिरव्या राहिल्या तर त्या क्रमाची टेस्ट नाही. तुमच्या पॅचमध्ये मुळातच क्रम उलटा होता आणि टेस्ट हिरव्या होत्या, म्हणजे उत्तर मिळालंच. ऑप्शन दिलेला, न दिलेला, नाकारलेला, दोनदा दिलेला, कॉन्फिगसकट, चुकीच्या नावासकट, आणि रात्रीच्या जॉबची ती ओळ जशीच्या तशी, एवढं हवं. तात्पुरत्या फोल्डरमध्ये 'गिट इनिट --बेअर'ने दोन रेपो बनवायच्या, एकीला 'ओरिजिन' म्हणायचं, दुसरीला 'अपस्ट्रीम', आणि शेवटी दोन्हीकडे कोणत्या ब्रँच उरल्या ते मोजायचं. फक्त एक्झिट कोड शून्य आला का, म्हणजे कमांड स्वतःला यशस्वी म्हणते का, एवढं तपासणारी टेस्ट इथे कामाची नाही.

आता सीनिअरला सांगायचं कसं, हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात तेच असणार. पंधरा बारीक कमेंट टाकू नकोस. पहिली कमेंट रात्रीच्या जॉबच्या ओळीची टाक: ओळ, तू चालवून बघितलेलं आउटपुट, आणि "ही ओळ आज अशी वापरात आहे, बदलानंतर रिलीजची ब्रँच जाते, आपण '--फ्रॉम' वेगळा करायचा का?" एवढंच. आउटपुट तुझ्या मशीनवरचं हवं, माझ्या नको. तू स्वतः चालवलेलं असलं की बोलताना अडखळणार नाहीस. दुसरी कमेंट कॉन्फिगने सर्व्हरवरचं काढणं चालू होण्याची. या दोन अडवणाऱ्या आहेत असं स्पष्ट लिही. बाकीच्यांपुढे 'जमलं तर' असं लिही, म्हणजे त्याला कळेल कशासाठी थांबायचं आणि कशासाठी नाही. आणि दोन रिमोटची गरज खरी आहे, ती त्याने ओळखली, हेही लिही, कारण ते खरंच आहे.

तो दुसरी आवृत्ती पाठवेल तेव्हा सगळं पहिल्यापासून वाचत बसू नकोस. 'गिट रेंज-डिफ'ला जुनी आणि नवी मालिका दे, कोणत्या कमिटमध्ये काय बदललं तेवढंच समोर येईल. पण रात्रीच्या जॉबची ओळ पुन्हा एकदा हाताने चालव, टेस्टमध्ये असली तरी.

जॉब रात्री एकला चालतो म्हणालास. तेव्हा मर्ज सकाळी करा, शुक्रवारी नको. त्याच दुपारी बिल्ड मशीनवर ती ओळ '--ड्राय-रन' लावून, म्हणजे काही न काढता काय निघेल ते फक्त दाखवायला लावून, चालवा, आणि येणारी यादी तू आणि सीनिअर शेजारी बसून वाचा. यादीत 'फीचर/' सोडून एकही नाव असेल तर जॉब त्या रात्रीपुरता बंद ठेवा आणि मला फोन कर.